चढावरचा हिशेब

पाटसहून बारामतीकडे निघाले की वाटेत रोटीचा घाट लागतो. सह्याद्रीतल्या मोठ्या घाटांच्या तोडीचा तो नव्हे. तरीही आषाढीच्या वारीत तुकोबारायांच्या पालखीचा रथ येथे येतो तेव्हा नेहमीच्या बैलजोडीने भागत नाही. जादा जोड्या जुंपाव्या लागतात. शक्ती कमी पडली तर शक्ती वाढवावी, हा त्यातला सरळ विचार. परंतु चढ चढण्याचा आणखी एक मार्ग आहे. त्यात शक्ती वाढवावी लागत नाही. आहे त्या शक्तीची वाटणी बदलावी लागते. यंत्रविद्येत हे काम दातेरी चाके करतात आणि व्यवहारात आपण त्यांना गिअर म्हणतो. मोटर बसविलेल्या सायकलला असा गिअरांचा संच कसा जोडावा, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय कारागिरांचा वाटेल. पण तो केवळ त्यांचा नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नीरेच्या डाव्या कालव्याच्या बाजूची जमीन सपाट, उसाची आहे. कालव्यापासून दूर गेले की जिरायत माळ, ओढे आणि उतारचढ सुरू होतात. या वाटांनी दूध डेअरीवर जाते, भाजी बाजारात येते, भिगवणकडे उजनीच्या पाण्यातली मासळी फिरून विकली जाते. ज्यांना परवडले त्यांनी मोटरसायकल घेतली. परंतु कॅरिअरला कॅन अडकवून सायकल रेटीत नेणारा मनुष्य अजून दिसेनासा झालेला नाही. चढ आला की तो खाली उतरतो आणि हँडलवर छाती टेकून सायकल ढकलतो. या माणसाला थोडक्या खर्चात आधार देता येईल काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बरेचसे गिअरमध्ये आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम गिअर म्हणजे काय ते पाहू. बैलांच्या चरकावर चालणारे गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. चरकाला लांब दांडी असते. बैल तिच्या टोकाशी जुंपलेला असतो आणि भल्या मोठ्या वर्तुळात चालतो. तो एक फेरी पुरी करतो तेव्हा मधला लाट एकदाच फिरतो. म्हणजे बैल पुष्कळ अंतर चालला आणि लाटाचा पृष्ठभाग थोडेच अंतर सरकला. पण जितके अंतर कमी झाले तितका जोर वाढला, म्हणून ऊस चिरडला गेला. वेग द्यावा आणि जोर घ्यावा, किंवा जोर द्यावा आणि वेग घ्यावा, असा हा रोखठोक व्यवहार आहे. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. हा गुणाकार गिअर वाढवू शकत नाही. घर्षणापायी तो थोडा कमीच होतो.

साखर कारखान्यांतही हाच व्यवहार मोठ्या प्रमाणावर चालतो. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाने साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. पुढे तेथेच साखर कारखान्यांची यंत्रसामग्री आणि मोठमोठ्या गिअरपेट्या तयार होऊ लागल्या. वाफेचे टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेते आणि उसाच्या गिरणीचे लाट मिनिटाला अवघे चारपाच फेरे घेतात. या दोहोंच्या मध्ये दातेरी चाकांची मालिका उभी असते. ती नसती तर टर्बाइनची सारी शक्ती असूनही उसाचे एक कांडे पिळले गेले नसते. शक्ती असणे आणि ती कामाच्या मापाची होणे, या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. ज्या तालुक्यात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यांच्या शेडमध्ये वावरते, तेथे सायकलचा गिअर ही काही परकी विद्या ठरू नये.

आता सायकलला इंजिन लावण्याच्या इतिहासाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोल महाग आणि पैसा दुर्मीळ होता, तेव्हा साध्या सायकलला जोडता येतील अशी छोटी इंजिने निघाली. इंग्लंडमध्ये १९५० साली आलेले सायकलमास्टर मागच्या चाकातच बसविलेले असे. इटलीत तूरिन येथे १९४५ च्या सुमारास ‘कुच्चोलो’ नावाचे ४८ सीसीचे इंजिन तयार झाले आणि नंतर ते बोलोन्याच्या डुकाटी कारखान्याने बनविले. कुच्चोलो म्हणजे कुत्र्याचे पिल्लू. त्याच्या धुराड्याचा आवाज भुंकण्यासारखा येई म्हणून हे नाव. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या पिल्लाला दोन गिअर होते आणि पायडल कोणत्या स्थितीत धरले आहे त्यावरून पुढचा गिअर ठरे. डोंगराळ देशात छोट्या इंजिनाला गिअर पाहिजे, हे त्या लोकांनी आरंभीच ओळखले होते.

आपल्याकडे ही कल्पना घरोघर पोचविली ती लुनाने. अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली पियाजिओच्या ‘चाओ’ या इटालियन मोपेडच्या धर्तीवर लुना बाजारात आणली. याच पियाजिओ कंपनीचा कारखाना पुढे बारामतीस आला आणि २०१२ पासून तेथे व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. लुनाला पायडल होते, ५० सीसीचे इंजिन होते, आपोआप पकडणारा क्लच होता. परंतु गिअर बदलण्याची भानगड नव्हती. हा दोष नव्हे. चालविण्याचा सोपेपणा हेच तिचे बळ होते. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, नोकरीवर जाणाऱ्या स्त्रिया यांनी ती आपलीशी केली ती त्यामुळेच. मात्र ओझे घेऊन चढावर गेलेल्या लुनाला पायडल मारून हात द्यावा लागे, हेही पुष्कळांना आठवत असेल. एकच गिअर असलेल्या छोट्या इंजिनाची मर्यादा तेथे उघड होई.

ही मर्यादा कोठून येते ते आकड्यांनी पाहू. सायकलस्वार ६० किलो, मोटर व बॅटरीसह सायकल ३० किलो आणि दुधाचे भरलेले कॅन ५० किलो धरले, तर एकूण वजन १४० किलो होते. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांच्या घासाघाशीचा विरोध वजनाच्या शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे सुमारे १.४ किलो धरू. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना वाऱ्याचा विरोध आणखी पावणेदोन किलोच्या घरात येतो. म्हणजे एकूण ओढ सव्वातीन किलोंची झाली आणि त्यासाठी चाकाशी सुमारे २२० वॉट शक्ती लागली.

आता हीच सायकल वीस मीटरांत एक मीटर चढणाऱ्या रस्त्याला लागली असे समजा. १४० किलोंचा विसावा हिस्सा म्हणजे ७ किलो. इतकी ओढ नुसत्या चढामुळे वाढते. ताशी २५ चा वेग राखण्याचा हट्ट धरला तर सुमारे ७०० वॉट, म्हणजे जवळजवळ एक अश्वशक्ती लागेल. पण वेग १० किलोमीटरांवर येऊ दिला तर वाऱ्याचा विरोध नाममात्र उरतो, एकूण ओढ पावणेनऊ किलोंच्या आत राहते आणि लागणारी शक्ती २४० वॉटच्या आसपास येते. सपाटीवर जेवढी शक्ती लागत होती तेवढ्याच शक्तीत चढ चढता येतो. फक्त वेग अडीचपट कमी आणि जोर पावणेतीनपट जास्त हवा. पालखीच्या रथाला जादा बैल जोडणे हा पहिला मार्ग, म्हणजे ७०० वॉटचा. आम्ही म्हणतो तो दुसरा मार्ग २४० वॉटचा आहे.

गिअर नसेल तर हा दुसरा मार्ग बंद होतो. कारण मोटर आणि चाक यांचे प्रमाण कायमचे बांधलेले असते. चाकाचा वेग अडीचपट घटला की मोटरचाही तितकाच घटतो आणि नेमकी तेव्हाच तिच्याकडून जास्त जोर मागितला जातो. विद्युत मोटरमध्ये जोर विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात मिळतो. परंतु तारांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जोर पावणेतीनपट झाला की उष्णता सातपटीहून जास्त होते. लांब चढावर मोटर तापते, बॅटरी भराभर उतरते, आणि नियंत्रकाने प्रवाह रोखला तर गाडी थांबते. पेट्रोलच्या इंजिनाची तऱ्हा निराळी. पण शेवट तोच. सायकलला बाहेरून बसविण्याच्या नेहमीच्या इंजिनात आतले प्रमाण सुमारे ४.१ आणि बाहेरचे १० दात्यांवरून ४४ दात्यांचे, म्हणजे ४.४ असते. इंजिनाच्या अठरा फेऱ्यांना चाकाची एक फेरी. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ते ताशी ३७ किलोमीटर जाते. तेच चढावर १२ किलोमीटरांवर आले की इंजिन १,६०० फेऱ्यांवर उतरून धापा टाकू लागते.

मग संच कसा असावा? त्यातली युक्ती अशी की, मोटरची शक्ती थेट मागच्या चाकाला न देता प्रथम पायडलच्या दांड्याला, म्हणजे क्रँकला द्यावयाची. तेथून पुढे ती सायकलच्याच चेनवरून आणि सायकलच्याच गिअरांतून चाकाकडे जाते. माणसाच्या पायांसाठी केलेली सोय मोटरच्याही उपयोगी पडते. मात्र मनुष्य मिनिटाला सत्तरऐंशी फेरेच मारू शकतो. मोटर हजारांनी फिरते. म्हणून दोहोंमध्ये एक आडवा दंड बसवून वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. वर सांगितलेल्या इंजिनाचेच उदाहरण घेतले तर त्याचे बाहेरचे चाक मिनिटाला सुमारे १,२२० फेरे घेते. पहिल्या चेनने ११ दात्यांवरून ४४ दात्यांवर, आणि दुसऱ्या चेनने पुन्हा ११ वरून ४४ वर आणले, तर वेग दोनदा चौपटीने, म्हणजे एकूण सोळापटीने उतरतो. क्रँकवर ७६ फेरे येतात. हे पायांच्या मापाचे झाले.

या रचनेत दोन ठिकाणी फ्रीव्हील अवश्य पाहिजे. एक क्रँकपाशी, म्हणजे मोटर चालू असताना स्वाराने पाय थांबविले तरी पायडल त्याच्या नडग्यांवर आपटत फिरू नये. दुसरे मोटरच्या बाजूस, म्हणजे बॅटरी संपली तर नुसत्या पायांनी सायकल नेताना बंद मोटर फिरविण्याचे ओझे पडू नये. ही दोन फ्रीव्हील नसलेला संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

आता मागचे गिअर. दुकानात गेले की सात गिअरची, एकवीस गिअरची, अशी संख्या सांगितली जाते. संख्येला फारसा अर्थ नाही. सर्वांत हलका आणि सर्वांत भारी गिअर यांत किती अंतर आहे ते पाहावे. आपल्या हिशेबाप्रमाणे ते सुमारे अडीचपट हवे. मूळच्या इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरांचा हब प्रसिद्ध आहे. त्याची प्रमाणे पाऊण, एक आणि एकपूर्णांक एकतृतीयांश. म्हणजे अंतर पावणेदोनपटीपेक्षा किंचित जास्त. धूळचिखलापासून तो सुरक्षित असतो. पण आपल्या भाराला जरा तोकडा पडतो. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या रचनेत मागे १४ पासून ३४ दात्यांपर्यंतची चाके मिळतात. तेथे अंतर जवळजवळ अडीचपट येते. पुढचे चेनव्हील ३४ दात्यांचे ठेवले, तर सपाटीवर ३४ वरून १४ आणि चढावर ३४ वरून ३४ असा जोड होतो. आपल्या नेहमीच्या मोठ्या चाकाच्या सायकलचा परीघ सव्वादोन मीटर धरा. पहिल्या जोडाने ताशी २५ किलोमीटरला क्रँकचे ७६ फेरे होतात. दुसऱ्या जोडाने ताशी १० किलोमीटरला ७४. सपाटी असो की चढ, मोटर आणि पाय यांची चाल तीच राहते. संच नीट जुळला की नाही याची याहून सोपी परीक्षा नाही. यांच्या मध्ये दोनतीन गिअर असले की दूधवाल्याचे काम भागते. एकवीसांची गरज नाही.

काय तुटेल, याचाही विचार आधी केला पाहिजे. साठ किलोंचा मनुष्य पायडलवर उभा राहिला तर अशा चेनव्हीलमुळे चेनवर क्षणभर दीडशे किलोंचा ताण येतो आणि साधी चेन तो सहन करते. २४० वॉटची मोटर क्रँकच्या ७५ फेऱ्यांवर सुमारे ४५ किलोंचाच ताण देते. म्हणून छोट्या मोटरला सायकलची चेन पुरते. त्याच जागी दोन अश्वशक्तींचे इंजिन लावले तर ताण पावणेतीनशे किलोंच्या पलीकडे जातो, आणि तोही क्षणभर नव्हे, सतत. मग चेन तुटते, फ्रीव्हीलचे खटके झिजतात, मागच्या चाकाच्या तारा सैल होतात, आणि दोष मात्र गिअरच्या माथी येतो. गिअर बदलतानाही मोटरचा जोर क्षणभर सोडावा. ब्रेकच्या दांडीला किंवा गिअरच्या तारेला छोटा खटका जोडून हे आपोआप करता येते. ओढीखाली चेन ढकलण्याची सवय लागली तर चांगले दातेही वर्षभरात खाऊन जातात.

ब्रेकविषयी मात्र काटकसर नको. वेग दीडपट झाला की ब्रेकने जिरवावयाची ऊर्जा सव्वादोनपट होते. वेगाच्या वर्गाचा हा नियम कोणालाही चुकला नाही. १४० किलोंचा भार ताशी २५ च्या वेगात थांबविणे हेच जुन्या दांडीब्रेकच्या सायकलला जड जाते आणि पावसात रिम भिजल्यावर तर फारच जड. म्हणून संचाबरोबर दोन्ही चाकांना चांगले ब्रेक, मागे जाड तारा आणि कॅन खाली ठेवणारा मजबूत कॅरिअर, हे संचाचेच भाग मानले पाहिजेत. आमच्या मते अर्धे यश येथे आहे.

कायद्याची बाजूही समजून घेणे इष्ट. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीवर २५ सीसीपर्यंतचे इंजिन असेल तर ती मोटार वाहन ठरत नाही. त्यावरचे इंजिन आले की नोंदणी, परवाना, विमा हे सारे आले. ५० सीसीचे इंजिन सायकलला बांधून रस्त्यावर आणणारा मनुष्य त्यामुळे अडचणीत येतो. विजेच्या गाडीसाठी नियम असा की, मोटरची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि नेमलेल्या संस्थेने तपासून तसे प्रमाणित केले असेल, तर ती मोटार वाहन मानली जात नाही. अशा संस्थांपैकी एक, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, पुण्यातच आहे. या मर्यादेकडे अडथळा म्हणून पाहण्याचे कारण नाही. आपल्या हिशेबातले २४० वॉट आणि कायद्याचे २५० वॉट किती जवळ आहेत ते पाहा. गिअर नसलेल्या सायकलला ही मर्यादा जाचक आहे. गिअर असलेल्या सायकलला ती पुरेशी आहे. त्यावर मनुष्याचे स्वतःचे सत्तरपंचाहत्तर वॉट आहेतच.

हे सारे कागदावरचे आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी नीरा ओलांडून फलटणला जावे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकल रिक्षाचा असाच विचार केला. माणसे ओढणाऱ्या रिक्षावाल्याचे हाल पाहून त्यांनी रिक्षाला गिअर दिले, तिची लांबलचक चेन आखूड केली, मागच्या चाकांना ब्रेक दिला. पायडलला छोट्या विद्युत मोटरची मदत देणारी रिक्षाही केली आणि पूर्ण विजेवर चालणारीही. २००२ साली हे काम ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातला धडा असा की, श्रमिकाच्या वाहनात सुधारणा करावयाची तर आरंभ मोठ्या मोटरीने करावा लागत नाही. दात्यांनी, चेनने आणि ब्रेकने करता येतो.

बारामती-इंदापूरच्या भागात लेथ चालविणारे कारागीर आहेत, आयटीआयमध्ये शिकणारी मुले आहेत आणि साखर कारखान्यांत आयुष्य घालविलेले अनुभवी फिटर आहेत. आडवा दंड, त्याचे बेअरिंग, चेन ताणणारी पट्टी, चौकटीला आवळणारे पकडे ही सारी त्यांच्या हातची कामे. बाहेरून आणावी लागते ती मोटर, बॅटरी आणि नियंत्रक. असा संच करणाऱ्याने प्रथम शर्यतीच्या सायकलवर बसून वेग मोजू नये. पन्नास किलोंचे कॅन बांधून चढ मोजावा, आणि तोही उन्हाळ्यातल्या दुपारी. मोटरवर हात ठेवता आला, चेन जागेवर राहिली आणि उतारावर गाडी हवी तेथे थांबली, तर संच उतरला म्हणावा.

रोटीच्या घाटात रथाला जादा बैल जुंपले जातात तेव्हा ती सेवेची संधी असते. गावोगावचे लोक आपली जोडी लागावी म्हणून धडपडतात. रोज पहाटे दूध घेऊन निघणाऱ्याच्या मदतीला मात्र अशी जोडी येत नाही. त्याच्याजवळ त्याचे दोन पाय आणि फार तर पाव किलोवॉटची मोटर. एवढ्यात तो सायकलवरून न उतरता चढ चढू शकतो. हिशेब तसे सांगतो. तो खरा करून दाखविणे हे आता आपल्या भागातल्या कारागिरांच्या हाती आहे.